बर्डीवरचे स्पूलवाले काका: जुना टेप भंगारात द्यायच्या आधी इथं दाखवा

घरी स्पूलचा (मोठ्या उघड्या चकत्यांवर टेप गुंडाळलेली असते तो) जुना टेप रेकॉर्डर पडून असेल आणि कुणीतरी "मोटर गेली" म्हटलं म्हणून तो भंगारात द्यायचं चाललं असेल तर थांबा. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी) मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये एक छोटंसं दुकान आहे, तिथं आधी दाखवा. नाव आणि नंबर टाकू नको असं काकांनीच सांगितलंय, एकटे काम करतात, फोन घेत बसले की हातातलं काम राहून जातं. पण त्या भागात स्पूलवाले काका म्हणून विचारलं की लोक सांगतात.

माझं मशीन सत्तरच्या दशकातलं, जपानी बनावटीचं, ओळखीच्या एकांनी अमेरिकेहून येताना आणलेलं आणि मग वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं. मला ते हवं होतं कारण आमच्याकडे आजोबांच्या भजनी मंडळाची स्पूलं आहेत, तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हटलेली, आणि वाजवायला घरात काहीच उरलं नव्हतं. मशीन फिरत होतं पण आवाज एकदम जड, ओढल्यासारखा, आजोबा म्हणून राहिले की दुसरंच कोणी तेच समजेना, आणि प्लेचा खटका दाबला की अर्ध्यातच अडकायचा. आधी दुसऱ्या एका दुकानात नेलं होतं, तिथं झाकणही न उघडता मोटर गेली, आता मिळत नाही, असं सांगून मोकळे झाले.

मग घरीच एक साधी टेस्ट केली, ती सगळ्यांनी करून बघावी अशी आहे. बिनकामाच्या टेपवर 190 सेंटिमीटर अंतरानं दोन खुणा करायच्या, स्पीड 19 वर ठेवायचा (म्हणजे सेकंदाला 19 सेंटिमीटर) आणि एक खूण हेडवरून (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) गेल्यापासून दुसरी जाईपर्यंत मोबाईलवर वेळ मोजायचा, 10 सेकंद लागले पाहिजेत. माझ्याकडे 12 लागले आणि परत केलं तरी 12च. बेल्ट सैल असता तर वेळ कमीजास्त झाला असता, आवाजही लहरला असता, इथं तर सगळं एकसारखं हळू होतं.

हे काकांना सांगितलं तर मशीन उघडायच्या आधीच म्हणाले, "साठ सायकलवर असंल भाऊ, मोटर काहून जाईन?" आणि तसंच निघालं! अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची म्हणजे सेकंदाला 60 सायकलची, आपली 50 ची, आणि या मशीनमधली मोटर व्होल्टेजवर नाही तर या सायकलवर चालते, त्यामुळे इकडे ती सहात पाच इतकीच पळते आणि 10 सेकंदाच्या कामाला 12 सेकंद लागतात. आधीच्या मालकांनी 110 चा ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेजचं बरोबर केलं होतं, सायकलचं राहून गेलं. मोटरच्या पुलीवर दोन पायऱ्या होत्या, काकांनी बेल्ट बारीक पायरीवरून मोठ्या पायरीवर चढवला, बस. तिथंच माझ्या खुणेच्या टेपवर परत वेळ मोजला, 10 सेकंद. ज्या मोटरला मेलेली ठरवलं होतं तिला हातसुद्धा लावावा लागला नाही.

मला या माणसाचं काम आवडलं ते याच्यासाठी की ते आधी विचारतात, ऐकतात, मग पेचकस उचलतात. पन्नास वर्षांचं मशीन थेट प्लगमध्ये घालत नाहीत, आधी सिरीज बोर्डवर लावतात, त्यात 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब असतो, बल्ब भप्पकन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, एकदा चमकून मंद झाला तर पुढं जायला हरकत नाही. अडकणाऱ्या खटक्याचं कारण म्हणजे ग्रीस, सुकून पिवळं मेणासारखं घट्ट झालेलं, ते त्यांनी सगळं खरवडून स्पिरिटनं धुतलं आणि नवीन लावलं, तेही नेमकं तेवढंच, कारण रबरावर तेल गेलं की टेप घसरते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले, पिंच रोलरला (टेप दाबून पुढं सरकवणारी रबरी चाकी) मात्र ते नाही लावलं, रबर कडक होतं म्हणे, साबणाच्या पाण्यानंच साफ केला.

आमचं एक स्पूल नंतरच्या काळातलं होतं, ते लावल्यावर चिरचिर आवाज करत हेडवर तपकिरी चिकटा सोडायला लागलं. काकांनी लगेच बंद केलं आणि वाजवायला साफ नाही म्हणाले. टेपवरचा बाइंडर (रेकॉर्डिंगचा थर टेपला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) ओलावा धरून चिकट होतो, तशीच वाजवली तर रेकॉर्डिंगच खरवडून निघतं. अशा टेपा साधारण 54 डिग्रीवर कित्येक तास कंट्रोलमध्ये भाजून तात्पुरत्या वाजवता येतात पण ते ज्याच्याकडे त्याची सोय आहे त्याचं काम, घरच्या ओव्हनमध्ये नका करू, आणि मे महिन्यात गच्चीवर तर अजिबातच नाही, नागपूरचं ऊन असलं तरी. आणि जुन्या ॲसिटेटच्या (एक जुन्या प्रकारचं प्लास्टिक) टेपा तर भाजायच्याच नसतात, स्पूल उजेडासमोर धरलं आणि आरपार उजेड दिसला की समजायचं ॲसिटेट आहे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना नाही म्हणणारा कारागीर मला मोठा वाटतो.

आता तक्रारी. वेळ लागतो, भरपूर लागतो, आणि कधी होईल ते नक्की सांगत नाहीत. पावती मिळत नाही. दुपारी दुकान बंद असतं. पार्किंगचं तर बर्डीवर विचारूच नका, वजनदार मशीन आहे, ऑटोनंच न्या. मजुरी मला वाजवी वाटली आणि बेल्ट जुनाच ठेवला म्हणून त्याचे पैसेच घेतले नाहीत.

आजोबांची भजनं आता नीट ऐकू येतात, खंजिरीची घुंगरंसुद्धा वेगळी कळतात. एका चॅनलमध्ये थोडी घरघर आहे, ती कॅपॅसिटरची आहे, ते बदलायला पावसाळ्याआधी मशीन परत नेणार आहे. तुम्ही जाल तेव्हा सोबत बिनकामाचं एक स्पूल नक्की न्या, काका चांगली टेप टेस्टला लावत नाहीत.