मखराच्या डिझाइनची कोरल फाइल देऊन बसले आणि ८७,७०० रुपये गेले

मी पुठ्ठ्याचं घडीचं मखर डिझाइन करून विकते. २०२५ च्या ३ ऑगस्टला, रविवारी, नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुझ्यासारखंच मखर जांभळी नाक्याला साडेपाचशेला मिळालं, घेऊन टाकलं." संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि मखर उलटं करून बघितलं. मागच्या बाजूला घड्यांचे आकडे होते, १ ते १४. माझ्या अक्षरात. माझा ९ बाबांच्या वळणाचा आहे, खाली लांब शेपूट ओढलेला. ते आकडे मी पेनने लिहून स्कॅन केले होते, कारण छापील बारीक आकडे सासूबाईंना चष्म्यातूनही लागत नव्हते. चोरणाऱ्याने तेही तसेच उचलले. नणंदेसमोर मला रडू आलं. तिला बिचारीला काय चुकलं तेच कळेना.

हे लिहायला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी पॅकेजिंग डिझाइनमध्ये ११ वर्षं नोकरी केली आहे, तुर्भ्याला. मला पुठ्ठा कळतो, डाय म्हणजे कापायचा साचा कळतो, क्रीझ म्हणजे घडीची रेघ कुठे द्यायची ते कळतं. २०१८ ला थर्मोकोलवर बंदी आली तेव्हापासून हे घडीचं मखर डोक्यात होतं. गोंद नको, टाचणी नको, विसर्जनानंतर घडी घालून माळ्यावर टाकता यावं. १४ घड्या जुळवायला दोन पावसाळे गेले. २०२४ च्या गणपतीत ६४ मखरं विकली, प्रत्येकी १,१५० रुपयांना.

२०२५ च्या पाडव्याला नौपाड्यातल्या एका प्रदर्शनात तो गृहस्थ भेटला. कॉर्पोरेट गिफ्टिंग, ५०० नगांची ऑर्डर, आधी दोन सॅम्पल. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, ती ऑर्डर कधी आलीच नाही. पण एवढं म्हणेन की तो बाष्कळ नव्हता. जीएसटी बरोबर बोलला, भाव फारसा पाडला नाही, ऑफिसातल्या टेबलावर बसेल असं १८ इंची मखर हवं म्हणाला. त्यासाठी मी वागळे इस्टेटमध्ये नवीन डाय बनवून घेतला, १६,५०० रुपयांचा. माझ्या जागी तुम्हीही बनवला असता.

आता तो क्षण. २० एप्रिल, रविवार. तो घरी आला होता, सासूबाईंनी पोहे केले होते. खाता खाता म्हणाला, "ताई, कोरल फाइल जरा पाठवा ना, टेम्पोत किती बॉक्स बसतील ते आमच्या पॅकिंगवाल्याला काढायचंय." टेम्पोत किती बॉक्स बसतील हे काढायला बॉक्सची लांबी, रुंदी, उंची लागते. तीन आकडे. कोरल फाइल, म्हणजे जिच्यावरून थेट डाय बनवता येतो ती कटिंगची फाइल, लागत नाही. नोकरीत पहिल्या आठवड्यात शिकलेली गोष्ट आहे ही. मला ते त्याच क्षणी खटकलं होतं, शपथेवर सांगते. मी लॅपटॉप उघडून थांबलेही होते. सासूबाई त्याला आणखी पोहे वाढत होत्या, मुलगा मखरापाशी उभा राहून अभिमानाने घड्या दाखवत होता, आणि ५०० गुणिले भाव असा हिशोब माझ्या डोक्यात सुरू होता. शंका घेणं मला अपमान केल्यासारखं वाटलं. त्याच्या समोरच व्हॉट्सॲपवर फाइल टाकली. पीडीएफसुद्धा नाही, उघडी फाइल, सगळ्या रेघांसकट. फाइल कुणालाही देऊ नका. जेपीजी द्या, तीही कमी रिझोल्यूशनची, वर आडवं नाव टाकून.

मग त्याने त्याचा "रजिस्ट्रेशनवाला माणूस" दिला. कंपनीच्या परचेस खात्याला नोंदणीचा कागद लागतो म्हणे. ११,५०० यूपीआयने दिले. तिरंगी पट्टीचा, राजमुद्रेचा कागद आला, मी तो प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवला. ऑगस्टमध्ये तपासलं तेव्हा कळलं की त्यावरचा क्रमांक हा कॉपीराइटच्या अर्जाचा नुसता डायरी नंबर आहे, म्हणजे अर्ज पोचल्याची खूण. ५०० रुपयांची फी भरून उरलेले अकरा हजार त्याने खिशात घातले होते. मखरासारख्या वस्तूचा आकार नोंदवायचा असतो डिझाइन्स ॲक्ट २००० खाली, कोलकात्याच्या कार्यालयात. अर्ज ऑनलाइन होतो, एकट्या माणसाला फी १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं आणि पुढे ५. अकरा हजार कुणाला द्यायची गरजच नव्हती.

वकीलबाईंनी त्याहून वाईट सांगितलं. नोंदणी करायची ती पहिली विक्री, पहिला फोटो लोकांसमोर येण्याआधी. मी २०२४ लाच इन्स्टाग्रामवर फोटो टाकून मोकळी झाले होते, म्हणजे डिझाइन नवीन राहिलं नाही. आणि नोंदणी होण्यासारखं डिझाइन न नोंदवता यंत्राने ५० पेक्षा जास्त नग काढले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही संपतो. माझे ६४ झाले होते. जास्त खपलं म्हणून हक्क गेला, हे मला अजून पचत नाही. आता आधार म्हणजे महिरपीवरचं माझं चित्र आणि ते आकडे.

पोलीस ठाण्यात चार वेळा गेले. पहिल्या दिवशी ड्यूटीवरच्याने विचारलं, "मखर चोरीला गेलं का? नाही? मग काय गेलं?" मी दोन्ही मखरं टेबलावर ठेवली, आकडे दाखवले. तो म्हणाला, पुठ्ठा सगळ्यांचा सारखाच असतो. दुसऱ्या वेळी "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." कॉपीराइट मोडण्याच्या गुन्ह्याचं कलम ६३ दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलंय, त्याची प्रिंट नेली. साहेब मीटिंगमध्ये होते. प्रिंट ठेवून जा म्हणाले. चौथ्या वेळी ती प्रिंट सापडेना. खोट्या कागदाचं काय, ते तर उघड फसवणुकीत बसतं ना, असं विचारलं तर "गणपतीचा बंदोबस्त आहे, नंतर या." गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळी झाली. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार केली, तर बँकेचं उत्तर आलं की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. हो, स्वतःहूनच पाठवले. फसवणूक झालेला प्रत्येक माणूस स्वतःहूनच पाठवतो! दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, माल होलसेलने घेतला, बिल नाही. हे कुणीच तपासायला जाणार नाही हे त्यालाही माहीत आहे.

पैशाचा नीट हिशोब: दोन सॅम्पल २,३००, डाय १६,५००, कागद ११,५००, आणि ऑर्डरच्या भरवशावर आधीच काढलेली १४० लहान मखरं, ४१० प्रमाणे ५७,४००. एकूण ८७,७००. वकिलाच्या नोटिशीचे ६,००० वेगळे. आगाऊ रक्कम एक रुपयाही घेतली नव्हती. आगाऊ न घेता डाय बनवू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

सगळ्यात लागलं ते आपल्याच माणसांचं बोलणं. "पुठ्ठाच तर आहे, एवढं काय?" सुताराची मजुरी कुणी लाकडाच्या भावात मोजत नाही, मग माझ्या दोन पावसाळ्यांची किंमत पुठ्ठ्याएवढी कशी? साडेपाचशेचं मखर स्वस्त आहे, कारण त्यात विचार करणाऱ्याचे पैसे धरलेलेच नाहीत.

नवीन काही बनवत असाल तर आधी नोंदवा, मग फोटो टाका. कुणाला दाखवावंच लागलं तर विश्वासाने दाखवतोय असं त्याच्या सहीचं एक पान घ्या. असं दाखवलेलं कायदा जाहीर झालेलं धरत नाही.

आणि एक विनंती. २०२५ च्या गणपतीत ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीकडे कुणी घडीचं पुठ्ठ्याचं मखर घेतलं असेल तर माळ्यावरून काढून उलटं करून बघा. मागे हाताने लिहिलेले १ ते १४ आकडे असतील आणि ९ ला लांब शेपूट असेल, तर ते फेकू नका, फोटो काढून ठेवा. दुकानाचं साधं चिटोरं जरी मिळालं असेल तरी जपून ठेवा. वकीलबाई म्हणतात, असे दहा जण जरी उभे राहिले तरी तक्रारीचा अर्ज पुढे सरकेल. माझ्याकडे सध्या तीन आहेत, त्यातली एक माझी नणंद.