'नवी' हार्ड डिस्क आणि आत झाकलेले बॅड सेक्टर: ठाण्यातला अनुभव

वागळे इस्टेटमध्ये मामाचं छोटं वर्कशॉप आहे. नेमप्लेट आणि डाय कोरायचं मशीन जुनं, ते चालवणारा कॉम्प्युटर त्याहून जुना. त्यात अजून विंडोज ९८ आहे, कारण मशीनचं कार्ड दुसऱ्या कशावर चालतच नाही. विंडोज ९८ ला एनटीएफएस ही डिस्कवर फाइली मांडायची नंतरची पद्धत वाचता येत नाही, त्यामुळे डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीतच लागते, तीही रुंद पट्टीच्या केबलवाली, आयडीई नावाच्या जुन्या जोडणीची. आधीची डिस्क गेली तेव्हा मामाने स्टेशनजवळच्या एका दुकानातून ४० जीबीची 'नवी, सीलपॅक' डिस्क घेतली. फॉरमॅट करून, विंडोज टाकून अडीच हजार.

आयडीई डिस्क बनणं केव्हाच बंद झालंय. त्यामुळे आज कोणी 'नवी' म्हणून हातात देत असेल, तर ती गोदामात पडून राहिलेला माल तरी असते किंवा जुनीच पुसूनपासून पिशवीत भरलेली. ती चकचकीत पिशवी आणि सीलचं स्टिकर बाजारात सुटं मिळतं.

थोड्याच दिवसांत मशीन कोरता कोरता मधेच थांबायला लागलं. पितळेच्या प्लेटा वाया गेल्या. मी आणि मामा सीपीयू उचलून दुकानात गेलो. तिथल्या पोऱ्याने स्कॅनडिस्क हा विंडोजमधला डिस्क तपासायचा प्रोग्राम लावला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. "बघा काका, एकपण एरर नाही. तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम आहे."

तो खोटं बोलत नव्हता, हीच यातली मेख. त्याने 'स्टँडर्ड' तपासणी लावली होती. ती फक्त फाइल आणि फोल्डरांचा हिशोब बघते, डिस्कच्या पृष्ठभागाला हात लावत नाही. त्यासाठी 'थरो' निवडावं लागतं आणि त्याला बराच वेळ जातो. पण निकालाच्या चौकटीत खाली एक ओळ असते, ती त्याने बंद करायच्या आत मी वाचली: बॅड सेक्टरमध्ये १,३५,००,४१६ बाइट्स. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, बॅड म्हणजे बिघडलेला. कोऱ्या डिस्कवर तिथे शून्य हवं.

हे बाइट्स येतात कुठून? फॅटमध्ये प्रत्येक क्लस्टरची, म्हणजे सेक्टरांच्या एका गठ्ठ्याची, एक नोंद असते. पूर्ण फॉरमॅट किंवा थरो स्कॅन करताना एखादी जागा वाचता आली नाही, तर त्या नोंदीत 'बॅड' अशी खूण पडते आणि विंडोज पुन्हा तिथे काही लिहीत नाही. एवढ्या मोठ्या पार्टिशनवर (डिस्कच्या आखून दिलेल्या भागावर) क्लस्टर ३२ केबीचा असतो, म्हणजे ५१२ बाइट्सचा एक सेक्टर बिघडला तरी त्याच्यासोबत अख्खे ६४ सेक्टर बाद. तसे ४१२ क्लस्टर दुकानात फॉरमॅट करतानाच बाद झाले होते. खूण करणं यात गैर काही नाही. घरच्या जुन्या डिस्कवरून डेटा काढेपर्यंत मीही हेच करेन. पण मुळात डिस्क स्वतःच बिघडलेल्या सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर गुपचूप वापरत असते. ते करूनही फॉरमॅटमध्ये इतके बॅड निघतात, तेव्हा डिस्क आतून खचलेली असते. झाकलेल्यांच्या शेजारचे नवे रोज उघडे पडत होते, आणि मशीन अडकत होतं ते तिथेच.

मी ती ओळ दाखवल्यावर सूर बदलला. "ठेवून जा, करून देतो." परत मिळाली तेव्हा बॅड सेक्टर शून्य! फक्त सी ड्राइव्ह ३१ जीबीचा. मालक म्हणाला, विंडोज कमीच दाखवतं. अर्धं खरं. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून ४० चे ३७.२५ दिसतात. उरलेले सहा गेले कुठे? घरी डिस्क माझ्या कॉम्प्युटरला लावून डिस्क मॅनेजमेंट उघडलं. सुरुवातीलाच काळी पट्टी: सहा जीबी, 'अनअॅलोकेटेड'. खराब भाग पार्टिशनच्या बाहेर काढून ठेवला होता.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम लावला. फॉरमॅट करा, पार्टिशन बदला, डिस्कने स्वतःच्या तब्येतीची आपल्यापुरती ठेवलेली, 'स्मार्ट' नावाची नोंद त्याने पुसली जात नाही. (ती बदलणारे महाभाग असतात म्हणे, पण आमच्या मालकाने तेवढे कष्ट घेतले नव्हते.) चालू तास: ३१ हजारांच्या वर, म्हणजे साडेतीन वर्षं अखंड चाललेली 'नवी' डिस्क. ०५ या ओळीत बदललेले सेक्टर असतात, सी५ मध्ये वाचता न येणारे, रांगेत थांबलेले. दोन्ही रकाने भरलेले. या रकान्यांतले आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, दिसतात, तेव्हा १० ला दहा समजू नका, ते सोळा असतात. आणि काही स्वस्त यूएसबी अडॅप्टर ही माहिती पुढे पाठवतच नाहीत, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणजे डिस्क चांगली, असं धरू नका.

बिलावर फक्त 'एचडीडी १ नग'. ना सीरियल नंबर, ना 'नवी' हा शब्द. त्यामुळे मालक म्हणाला, ही आमची डिस्कच नाही. सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि स्मार्टचा स्क्रीन दुकानातच बघा; नाही म्हणाला तर पुढचं दुकान गाठा. आम्ही ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर मालकाने हजार रुपये परत केले, उरलेल्यांसाठी अजून टोलवतोय. मशीन सध्या आयडीई अडॅप्टरमध्ये बसवलेल्या कॉम्पॅक्ट फ्लॅश या मेमरी कार्डावर चालू आहे.