मर्सिडीज-बेंझ ३०० ई : दोन वर्षे शोधून घेतलेल्या जुन्या सेडानविषयी

मर्सिडीज-बेंझची १२४ मालिका १९८४च्या अखेरीस जगासमोर आली. सेडान, स्टेशन वॅगन, कूपे आणि उघड्या छताची गाडी मिळून या मालिकेच्या पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांत सर्वाधिक संख्या सेडानचीच होती. एवढ्या संख्येने बनलेली गाडी दुर्मीळ कशी असेल, असा प्रश्न कोणालाही पडेल. शोध सुरू करताना मलाही तो पडला होता. दोन वर्षांत अकरा गाड्या जवळून तपासल्यावर त्याचे उत्तर मिळाले. ज्या गाडीला तिच्या काळात कोणीच दुर्मीळ मानले नाही, ती कोणी जपूनही ठेवली नाही. या सेडान टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर धावल्या, कुटुंबांनी पंधरा-वीस वर्षे वापरल्या, पुढे तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेल्या आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक झाला तेव्हा सुट्या भागांसाठी फोडल्या गेल्या. उरल्या त्यांपैकी अनेकींच्या स्प्रिंगा कापून त्या खाली बसवलेल्या, मोठी चाके लावलेल्या किंवा नंतरच्या मॉडेलची पुढची जाळी बसवून तरुण दाखवलेल्या असतात. कारखान्यातून जशी निघाली जवळजवळ तशीच राहिलेली आणि देखभालीची सलग नोंद असलेली गाडी मात्र क्वचितच विक्रीला येते.

माझा शोध ३०० ई या एकाच प्रकारापुरता, तोही १९८९ ते १९९२ या काळातील गाड्यांपुरता होता. या प्रकारात २,९६२ सीसीचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले आणि प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असलेले एम १०३ इंजिन आहे. त्याला पेट्रोल पुरवणारी बॉशची केई-जेट्रॉनिक व्यवस्था मुळात यांत्रिक असून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण तिच्यावर वरवरचेच आहे. १९९३च्या बदलानंतर या गाडीला ई-क्लास हे नाव मिळाले, जाळी बोनेटमध्येच बसवली गेली आणि सहा सिलिंडरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत तोवर चोवीस व्हॉल्व्हची एम १०४ इंजिने आली होती. ती अधिक जोरकस आहेत, यात शंका नाही. परंतु त्या वर्षांतील इंजिनाच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते आणि उघड्या पडलेल्या तारांमुळे होणारे बिघाड शोधता शोधता मेकॅनिकचे दिवस जातात, हे या गाड्या वापरणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. वायरिंग नवे बसवलेले असेल आणि त्याचे बिल हाती असेल, तर अशी गाडी घेण्यास माझी हरकत नाही. एम १०३चे दोषही कमी नाहीत. व्हॉल्व्हचे तेल अडवणारे सील कडक होतात, पुढच्या बाजूने तेल पाझरते, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ठोकळा यांमधला सांधा बंद ठेवणारा पत्रा) कधीतरी जातेच. पण हे दोष हळूहळू येतात, डोळ्यांना दिसतात आणि नाकाला कळतात, म्हणून जुन्या गाडीत मला ते अधिक विश्वासाचे वाटतात. पॉर्शच्या सहकार्याने तयार झालेली आठ सिलिंडरची ५०० ई ही याच मालिकेतील मानाची गाडी. तिच्या फक्त १०,४७९ गाड्या बनल्या, आणि तिचा विचार मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. कारण मला रोज चालवता येईल अशी गाडी हवी होती.

तपासणीचा क्रम मी तिसऱ्या गाडीनंतर बदलला आणि तो बदल फार उपयोगी पडला. आधी मी गाडीभोवती फिरून रंग पाहत असे; नंतर सर्वप्रथम बोनेट उघडू लागलो. (या गाडीचे बोनेट जवळजवळ सरळ नव्वद अंशांत उभे करता येते आणि इंजिनाची इतकी मोकळी मांडणी आजच्या गाड्यांत पाहायला मिळत नाही.) रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर धातूची एक छोटी पाटी असते, तिच्यावर मूळ रंगाचा आणि कारखान्यात बसवलेल्या सुविधांचे तीन-तीन अंकी क्रमांक असतात. मी पाहिलेली चौथी गाडी चकाकत्या काळ्या रंगाची होती आणि विक्रेत्याने रंग मूळचा असल्याचे दोनदा सांगितले होते, पण पाटीवर १४७ हा पांढऱ्या रंगाचा क्रमांक होता. रंग बदलणे हा गुन्हा नव्हे. परंतु जो माणूस एवढी उघड गोष्ट लपवतो, त्याच्या इतर उत्तरांवर विसंबून पैसे देणे मला शक्य नव्हते. चेसिस क्रमांकही त्याच वेळी पाहावा. डब्ल्यूडीबी या अक्षरांनंतर १२४ आणि ०३० असे अंक आले, तर ती मुळातच ३०० ई आहे. मागे डिकीवर लावलेली अक्षरे कोणालाही विकत घेऊन चिकटवता येतात.

किलोमीटरच्या आकड्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वाधिक फसवणूक तिथेच होते. या गाडीच्या ओडोमीटरमधील एक लहानसे दातेरी चाक कालांतराने दांड्यावर सैल होते. मग वेग दाखवणारा काटा व्यवस्थित चालतो, पण किलोमीटरचे आकडे जागेवरच थांबतात. म्हणजे कोणी मुद्दाम आकडा मागे फिरवला नसला तरी तो खोटा असू शकतो. टेस्ट ड्राइव्हला निघताना आकडा लिहून घ्यावा आणि परतल्यावर तो पुढे सरकला आहे का ते पाहावे, एवढी साधी कसोटी मला पाचव्या गाडीपर्यंत सुचली नव्हती. आकड्यापेक्षा अधिक खरे बोलतात ते ब्रेकच्या पॅडलवरचे रबर, चालकाच्या आसनाची बाहेरची कड, स्टीअरिंगवरचे झिजलेले चामडे आणि सर्वांत जास्त म्हणजे जुनी बिले. प्रत्येक बिलावर तारीख आणि त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा असतो. ती बिले वर्षांच्या क्रमाने टेबलावर लावली, की गाडी कधी धावली, कधी उभी राहिली आणि मालकाने पैसे कुठे वाचवले हे समोर येते. सर्व्हिस बुकमधील शिक्के एका बैठकीत मारता येतात, पण वीस वर्षांतील वेगवेगळ्या गॅरेजांची बिले तयार करणे फार कष्टाचे काम आहे.

गंजाच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड केली नाही आणि इतरांनीही करू नये. इंजिन उतरवून बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, आसने नव्याने मढवता येतात. कुजलेला पत्रा मात्र कापून जोडावा लागतो आणि ते काम नीट करणारे कारागीर थोडे आहेत. १९८९ पासून या गाड्यांच्या दोन्ही बाजूंना खालच्या भागात प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या आल्या. त्या शोभून दिसतात, पण त्यांच्या मागे माती आणि ओल साचून राहते. जॅक लावण्याच्या जागांवरची झाकणे काढून आत बॅटरीचा प्रकाश टाकावा, पुढच्या मडगार्डचा तळ बोटांनी चाचपावा, मागच्या काचेच्या रबराखाली रंग फुगला आहे का ते पाहावे, आणि पुढच्या स्प्रिंगांची वरची बैठक गाडी लिफ्टवर घेऊनच तपासावी. रंगाची जाडी मोजणारे छोटे मीटर मी विकत घेतले होते. कारखान्याच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १८० मायक्रॉन असते. सातव्या गाडीच्या मागच्या दरवाज्यावर त्याने ९००च्या पुढे आकडा दाखवला, म्हणजे रंगाखाली जाड पुट्टी होती. त्यानंतर त्या गाडीचे इंजिन सुरू करण्याचीही गरज उरली नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू झाले पाहिजे, ही अट मी दूरध्वनीवरच घालत असे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळसर धूर येऊन काही क्षणांत विरला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. ते हेड न उतरवता बदलता येतात. धूर थांबतच नसेल, तर गाडी सोडून द्यावी. तीन विक्रेत्यांनी मी पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवले होते आणि तिन्ही वेळी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची तयारी दाखवली. त्यांपैकी एकानेच होकार दिला. चार गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये पुढचा किंवा मागचा गिअर टाकल्यावर गाडी ओढ घेण्यास दोन-तीन सेकंद लागत असतील, तर ते पुढील मोठ्या खर्चाचे लक्षण आहे. हलक्या पायाने निघताना ही गाडी दुसऱ्या गिअरमध्येच सुटते, त्याला बिघाड समजू नये. एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा) दिवा सतत जळत असेल आणि इंजिन उभ्या जागी अडखळत असेल, तर पुष्कळदा दोन्हींचे कारण एकच असते. बॅटरीमागे असलेला, विजेचा दाब मर्यादेत ठेवणारा छोटा रिले खराब झालेला असतो आणि तो बदलला की दोन्ही तक्रारी जातात. अशा दिव्याला घाबरून एका खरेदीदाराने सोडलेली गाडी शेवटी माझ्याकडे आली.

ती गाडी १९९० सालची, गडद निळ्या रंगाची. विकणाऱ्या बाई तिच्या दुसऱ्या मालक होत्या आणि गेली चौदा वर्षे गाडी त्यांनीच चालवली होती. मी विचारण्याआधीच त्यांनी दोष सांगितले : एसी थंड करत नाही, ओडोमीटर तीन वर्षांपासून बंद आहे, पुढून तेल पाझरते, एबीएसचा दिवा लागतो. "कालपासून चावी लावलेली नाही, तुम्हीच सुरू करा," असे म्हणून त्यांनी चावी माझ्या हातात दिली. धूर आला, पण वीसेक सेकंदांत थांबला. दोन जाड फायलींमध्ये बिले होती आणि ओडोमीटर बंद पडल्यानंतरच्या प्रत्येक प्रवासाचे अंतर त्यांनी वहीत अंदाजाने लिहून ठेवले होते. माझ्या मेकॅनिकने लिफ्टवर तासभर गाडी पाहिली आणि पत्र्याला कुठेही बोट लावण्यासारखे सापडले नाही, असे सांगितले. त्याच आठवड्यात दुसरीकडे याच मॉडेलची, अर्ध्याहून कमी किलोमीटर दाखवणारी, नव्यासारखी चमकणारी गाडी विक्रीला होती आणि तिच्यासोबत एकही बिल नव्हते. मी ती पाहायला गेलो नाही.

आता दहा महिने ही गाडी माझ्याकडे आहे. व्हॉल्व्हचे सील, इंजिनाचे माउंट, प्रोपेलर शाफ्टची रबरी जोडणी आणि मागच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतील रबरी तुकडे) बदलले. ओडोमीटरचे चाक दांड्यावर पक्के बसवले. बुश बदलल्यावर गाडीत जो फरक पडला, तो कोणत्याही चकचकीत रंगाने पडला नसता. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र पाच दांड्यांनी धरणारी सस्पेन्शनची रचना मर्सिडीजने १९० या लहान सेडानमध्ये आधी आणली आणि या गाडीत वापरली. तिचे सगळे रबर नवे असताना खराब रस्त्यावर गाडी ज्या शांतपणे खड्डे गिळते, ते अनुभवल्यावर दोन वर्षांचा शोध मला जास्त वाटला नाही. २,८०० मिलिमीटर व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) असूनही पुढची चाके खूप वळत असल्याने अरुंद जागेत ती सहज फिरते. छताचे खांब बारीक असल्याने चारही बाजूंचे स्वच्छ दिसते. पावसात एकच वायपर, कोपऱ्यांकडे जाताना लांबत आणि मध्ये येताना आखूड होत, काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याची ती हालचाल पाहताना मला अजूनही आनंद होतो.

उणिवाही स्पष्ट सांगतो. स्टीअरिंग आजच्या गाड्यांइतके नेमके नाही. मध्यभागी थोडी सैल जागा जाणवते आणि ती ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळता येते. मिश्र वापरात शंभर किलोमीटरला सुमारे १२ लिटर पेट्रोल लागते. केई-जेट्रॉनिक समजणारे मेकॅनिक कमी होत चालले आहेत, त्यामुळे असा मेकॅनिक ओळखीचा नसेल, तर गाडी शोधण्याआधी तो शोधावा. दरवाज्यांची कुलुपे आणि मागच्या आसनांचे डोके टेकायचे भाग खाली पाडणारी व्यवस्था नळ्यांमधील निर्वातावर (व्हॅक्यूमवर) चालते. नळीला कुठे बारीक भेग पडली, की कुलुपे हळू लागतात आणि ती भेग शोधायला चिकाटी लागते. एसीचे काम अजून बाकी आहे. इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारा भाग) गळतो आहे आणि तो काढण्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम पुढच्या महिन्यात ठरले आहे, आणि डॅशबोर्ड खाली आलाच आहे तर हीटरचे रबरी पाइप आणि हवेची झाकणे हलवणारे व्हॅक्यूमचे भागही त्याच वेळी बदलून घेणार आहे.