वेंगुर्ल्याचं घर, कन्नड कॅलेंडर

आईला बाहेरचं खाणं सोसत नाही आणि पोरांना समुद्र पाहिजे होता. म्हणून मे महिन्यात वेंगुर्ल्याला स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्यानं घ्यायचं ठरलं. सकाळी बाजारातून बांगडे आणायचे, घरीच तळायचे, तीन रात्री राहायचं. बेळगावच्या शहापुरातून पहाटे निघालं की शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी करत जेवणाच्या आत पोचता येतं.

घर मोबाईलवर एका जाहिरातीत दिसलं. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलं, मागं विहीर, स्वयंपाकघरात दोन शेगड्या आणि स्टीलची भांडी ओळीनं मांडलेली. तीन रात्रींचे 9,000. मे महिन्यात बाकीचे लोक याच्या जवळजवळ दुप्पट सांगत होते. तिथंच शंका यायला पाहिजे होती, पण स्वस्त मिळालं की माणूस आपल्या हुशारीवर खूश होतो.

फोनवरचा माणूस बोलायला गोड. "बेळगाव म्हणजे आमचा बाजारच हो काका. बहिणीच्या लग्नाच्या साड्या तिथूनच घेतल्या." झालं, मी विरघळलो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची माणसं आमच्या बाजारात खरेदीला येतात हे खरंच आहे, त्यामुळं ते खोटं वाटायचं कारणच नव्हतं. व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटलं तर "इथं रेंजचा लई त्रास." मी म्हटलं, असू दे.

4,500 अ‍ॅडव्हान्स पाठवताना अ‍ॅपवर नाव भलतंच आलं. विचारलं तर म्हणाला, आमचा हिशेब बघणारा माणूस आहे. हे नीट वाचा. पैसे पाठवायच्या आधी जे नाव दिसतं ते बँकेत नोंदलेलं खरं नाव असतं. फोनवर बोलतो एक आणि खातं दुसऱ्याचं, असं असेल तर तिथंच थांबा. मी थांबलो नाही.

निघालो त्या दिवशी आंबोलीत चहाला उतरलो तेव्हा त्याचा मेसेज आला. भांडी-गॅससाठी 5,000 डिपॉझिट आत्ताच भरा, निघताना परत मिळेल, नाहीतर किल्ली दुसऱ्याला देतो. गाडीत पाच किलो बासमती, मसाल्याचा डबा, आईची कढई. माघार कशी घेणार? भरले.

त्यानं पाठवलेल्या लोकेशनवर काजूची बाग निघाली. कडेच्या घरातल्या आजींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यां घर हयचां न्हय ओ." फोन लावला तर त्यानं उचलला, हे विशेष. म्हणाला, चुकून दोन बुकिंग झाली, पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. मी पिन टाकायला लागलोच होतो. पुतण्यानं हातातला फोन ओढून घेतला. "काका, पैसे येताना पिन लागत नाही!" एवढी साधी गोष्ट, पण उन्हात उभं राहून डोकं चालत नव्हतं. पिन आपल्या खात्यातून पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही, आणि क्यूआर स्कॅन करतो तो पैसे देणारा असतो, घेणारा नव्हे.

तिथूनच 1930 ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. लाज वाटते म्हणून घरी जाऊन बघू असं करू नका, कारण पैसे पुढच्या खात्यातून हलायच्या आधी तक्रार गेली तरच ते अडवता येतात. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा, तो विचारतात. चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट लगेच काढा. आमची जाहिरात संध्याकाळपर्यंत गायब झाली होती.

बेळगावात परतल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार पुतण्यानं कन्नडमधून लिहून दिली. माझं कन्नड बोलण्यापुरतं आणि पाट्या वाचण्यापुरतं. तिथल्या हवालदारानं स्वयंपाकघराचा फोटो बोटांनी मोठा केला आणि हसला. "क्यालेंडर कन्नडदाग ऐती नोड्री." शेगडीच्या मागं भिंतीवर कन्नड कॅलेंडर, आकडेसुद्धा कन्नड. वेंगुर्ल्याच्या घरात! तो फोटो मी वीस वेळा तरी बघितला असेन. पण आमच्याकडं किराणा दुकानातून फुकट मिळतं ते कॅलेंडर असंच असतं, त्यामुळं डोळ्याला खटकलंच नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला कदाचित लगेच दिसलं असतं.

आता कुणी घर ठरवत असेल तर मी दोन गोष्टी मागायला सांगतो. एक, महावितरणचं अलीकडचं लाईट बिल, त्यावर नाव आणि पत्ता दोन्ही असतात. दुसरं, महाराष्ट्र पर्यटनाच्या न्याहरी-निवास योजनेत नोंद असेल तर तिचा दाखला. खरा मालक कुरकुर करील, पण देईल.

त्या रात्री आम्ही एका लॉजवर राहिलो. आईनं केळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी परत निघालो. पहिले 4,500 तर मी पाठवले त्याच दिवशी त्यानं काढून घेतले होते. आंबोलीत भरलेले 5,000 एका खात्यात अडकून आहेत असा मेसेज आलाय, हातात अजून आलेले नाहीत. बासमती तशीच परत आली. आई ती डब्यात ओतत होती, एक शब्द बोलली नाही.