७ ते ४५ पट झूमचा मायक्रोस्कोप: नान्नजच्या भुंगेऱ्यासोबत चौदा महिने

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. वडील चादरीच्या कारखान्यात होते आणि धागे मोजायचं घडीचं पितळी भिंग कायम त्यांच्या खिशात असायचं. इंचभर चौकोनात उभे-आडवे किती धागे बसलेत, ते त्यातून मोजायचे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि गेली नऊ वर्षं शेणातले भुंगेरे त्याच भिंगाखाली बघत होते. मागच्या वर्षी पहिल्या पावसानंतर नान्नजकडच्या एका ओळखीच्या शेतात, माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर, बैलाच्या शेणाखालून पाच मिलिमीटरचे काही काळे भुंगेरे निघाले. ते कुठल्याच वर्णनात बसेनात. तेव्हा हा मायक्रोस्कोप घेतला.

भुंगेरे ऑन्थोफॅगस वंशातले. शेणाचे गोळे ढकलत नेणारे हे नव्हेत, शेणाखालीच बोगदा खणून राहतात. जगात या एका वंशाच्या दोन हजारांहून जास्त प्रजाती आहेत, त्यामुळे ‘नवीन वाटतोय’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. ॲरो या कीटकतज्ज्ञाचा इथल्या भुंगेऱ्यांवरचा १९३१ सालचा खंड उघडायचा, एकेक लक्षण तपासत जायचं, मग नंतरची वर्णनं वाचायची. आणि ती लक्षणं कसली, तर डोक्याच्या कडेला खाच आहे का, पुढच्या पायाला दात किती, पाठीवरचे खड्डे सुटे आहेत की एकमेकांना चिकटलेले.

कॉलेजात साधा मायक्रोस्कोप आहे, पण या कामाला तो चालत नाही. त्याचा उजेड खालून येतो, तर भुंगेरा अपारदर्शक. प्रतिमा उलटी दिसते. ४० पटीची भिंग लावली की भिंग आणि वस्तू यांच्यात मिलिमीटरभरही जागा उरत नाही. या झूम मायक्रोस्कोपमध्ये प्रतिमा सुलटी, खोली दिसते आणि भिंगाखाली साधारण दहा सेंटिमीटर जागा मोकळी. दोन्ही हातांत टाचण्या धरून काम करता येतं. माझ्या मते पैसे या दहा सेंटिमीटरचे आहेत. २ पटीची जादा भिंग लावून ९० पट दिसतं म्हणून दुकानदार गळ घालतात, पण मग जागा तीनेक सेंटिमीटरवर येते. मी ती घेतली नाही. ४५ पटीलाच नजरेत साडेचार मिलिमीटर मावतं, म्हणजे माझा पाच मिलिमीटरचा भुंगेरा अख्खा दिसतच नाही. बरंचसं काम मी २० ते ३० पटीवर करते.

हरियाणातल्या अंबाल्यात बनलेला, दोन नळ्या डोळ्यांना आणि तिसरी कॅमेऱ्याला, मला ३४,५०० रुपयांना पडला.

आता तक्रार. पहिला नग सदोष निघाला. डाव्या आणि उजव्या डोळ्याची प्रतिमा जुळतच नव्हती. तासाभरात कपाळ ठणकायचं आणि मी चष्म्याच्या नंबरला दोष देत होते. विक्रेता फोनवर म्हणाला, ‘मॅडम, सवय होईल.’ सवय व्हायचा प्रश्नच नव्हता. आलेखाचा कागद भिंगाखाली ठेवला आणि एकेक डोळा मिटून पाहिलं, तर मधला चौकोन डाव्या नळीत मधोमध, उजवीत पार कडेला. त्याचे फोटो पाठवल्यावर तीन आठवड्यांनी नग बदलून दिला. तुम्ही घ्याल तेव्हा खोकं उघडल्या दिवशीच ही परीक्षा करा. झूम कमी-जास्त करूनही पाहा, प्रतिमा धूसर व्हायला नको.

बदलून आलेला नग उत्तम आहे. चष्मा न काढता बघता येतं. वडिलांनी एकदा सहज डोळा लावला आणि भुंगेऱ्याच्या पंखावरच्या उभ्या रेघा मोजायला लागले, धागे मोजायचे तशा, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. वहीतला माझा आकडा त्यांच्याशी ताडून पाहिला, बरोबर निघाला.

सोबत आलेला रिंग लाइट, म्हणजे भिंगाभोवती बसणारा गोल दिवा, मात्र या कामाला घातक आहे, हा शब्द मी विचारपूर्वक वापरतेय. भुंगेऱ्याची पाठ चकचकीत. त्यावर एलईडीच्या ठिपक्यांचं अख्खं कडं उमटतं आणि त्या चकाकीत खालचं काही दिसत नाही. पहिले दोन महिने माझ्या वहीत ‘पाठीचा मधला भाग गुळगुळीत’ अशी नोंद होती. पुढे एका रात्री बटर पेपरची नळी करून भुंगेऱ्याभोवती उभी केली आणि उजेड बाहेरून सोडला. चकाकी गेली, आणि त्या ‘गुळगुळीत’ भागावर खड्डेच खड्डे! मोठे विरळ, त्यांच्यामध्ये लहान दाट, मोठ्या प्रत्येकातून एक आखूड पिवळसर केस मागे झुकलेला. काही नगांना केस नव्हते, ते झिजून गेलेले. काहींचे खड्डे आपल्या काळ्या मातीनं बुजले होते, कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुतल्यावर उघडे पडले. जवळच्या प्रजातीपासून माझा भुंगेरा ज्या लक्षणांवर वेगळा काढतेय, त्यातलं पहिलं हेच. बटर पेपर नसता तर वर्णन चुकीचं छापून गेलं असतं. म्हणून सांगते, कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी उजेडावर करा. मानेसारखे वाकणारे दोन एलईडी दिवे घ्या.

दुसरं लक्षण नराच्या जननांगाचं. वाळलेला भुंगेरा कोमट पाण्यात मऊ करायचा, पोटातून ते काढायचं, १० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) थोडा वेळ गरम करून स्वच्छ करायचं आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचं. हा भाग एवढा चिमुकला, की पंख्याच्या वाऱ्यानं उडून जातो. पंखा बंद ठेवावा, तर मे महिन्यातलं सोलापूर. मी पहाटे साडेचारला उठून हे काम केलं. पाच नरांमध्ये टोकाचा आकार एकसारखा निघाला, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा खात्री वाटली.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: सोबतचा ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा नोंदींना ठीक, छपाईला नाही. उंचसखल भाग एका फोटोत स्पष्ट येत नाही, वेगवेगळ्या फोकसचे पंचवीस-तीस फोटो एकत्र करावे लागतात. मापं घेण्याआधी मिलिमीटरचे शंभर भाग केलेली काचपट्टी घेऊन कॅलिब्रेशन करा, म्हणजे फोटोतलं माप खऱ्या मापाशी जुळवून घ्या. ती सोबत मिळत नाही.

नवी प्रजाती म्हणून या भुंगेऱ्याच्या वर्णनाचा मसुदा आता शेवटच्या टप्प्यात आहे. १९९९ नंतर छापलेल्या नव्या प्रजातीच्या वर्णनात होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार ठरणारा एकच नग (किंवा सिनटाइप, म्हणजे तसे अनेक नग), स्पष्टपणे ठरवून द्यावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात राहील तेही लिहावं लागतं. मी निवडलेला नर पुण्याला, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या आकुर्डीच्या केंद्रात द्यायचा विचार आहे. त्याचा डावा मधला पाय हाताळताना सुटला होता, तो त्याच टाचणीवरच्या कार्डाला चिकटवलाय. हुतात्मा एक्सप्रेसनं पेटी मांडीवर घेऊन जाईन, कुरिअरवर माझा भरवसा नाही.