आमच्या तालुक्याचा महिला आधार गट : माझा अनुभव

गटाचं नाव-पत्ता लिहीत नाही. खोलीवर पाटी लावायची नाही, हे आम्ही बायकांनीच बैठकीत ठरवलंय. खाली शिवणक्लास आहे. जिना चढणारी बाई ब्लाऊज शिवायला टाकायला आली असंच बघणाऱ्याला वाटतं. महिन्यातून एकदा, बुधवारी दुपारी बैठक. फी नाही.

मला एचआयव्ही आहे हे २०१९ मध्ये कळलं, पोटुशी असताना, ग्रामीण रुग्णालयातल्या रक्ततपासणीत. मालकांचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला, तोही पॉझिटिव्ह. पण माझा आधी आला म्हणून ‘हिनंच आणलं’ ठरलं. घरात माझं ताट आणि पेला वेगळा झाला. समुपदेशक मॅडमनी गटाचा नंबर दिला होता, तो कागद मी दोन महिने कुंकवाच्या करंड्यात लपवून ठेवला.

पहिल्या बैठकीला गेले तेव्हा भाषण असेल असं वाटलं होतं. शेजारी बसलेल्या बाईनं एवढंच विचारलं, “गोळीनं रात्री गरगरतं का गं?” गरगरायचं, भलतीसलती स्वप्नंही पडायची, आणि मला वाटायचं आपलं आता संपत आलं. ती म्हणाली, तिलाही व्हायचं, हळूहळू कमी झालं. (ती गोळी नंतर बदलली, आताच्या गोळीनं मला तसं होत नाही.) दुसरीनं सांगितलं, बाटलीत कापसाचा बोळा घाल, मग पिशवीत गोळ्या वाजत नाहीत. हे मला कुणी डॉक्टर सांगू शकले नसते. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद होती, तेव्हा गोळ्याही याच बायकांनी पोचवल्या.

माझ्यासाठी सगळ्यात मोठं काम झालं ते घरी. मला विचारून, मी हो म्हटल्यावरच, गटातल्या एक ताई २०२१ मध्ये आल्या. माझ्या हातची भाकरी-पिठलं जेवल्या, माझ्याच पेल्यातून पाणी प्यायल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, “काकी, मी पंधरा वर्षं गोळ्या खाते. माझी सून माझ्याच ताटात जेवती.” स्वतःचं असं सांगायला काय लागतं ते मला माहीत आहे. सासूबाई गप्प बसल्या. पेला वेगळाच राहिला. पुढे मुलाची अठरा महिन्यांची तपासणी निगेटिव्ह आली, त्या संध्याकाळी भांडी लावताना त्यांनी तो पेला बाकीच्या पेल्यांत ठेवला. बोलल्या काहीच नाहीत.

कायद्याचं कामही गट करतो. एकीला नवरा गेल्यावर दिरानं घराबाहेर काढलं होतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, हे तिला इथं कळलं. दोघी जणी तिच्यासोबत विधी सेवा प्राधिकरणात गेल्या. ती आज त्याच घरात राहते. जमिनीचं अजून भांडण चालूच आहे.

संक्रांतीचं हळदीकुंकू मात्र बघण्यासारखं असतं. विधवा बायकांनाही कुंकू लावतात, वाण देतात. गावात ज्यांना बोलावणं येत नाही त्या इथं ठेवणीतली साडी नेसून येतात.

दोन तक्रारी आहेत. बुधवार दुपार चुकीची आहे. द्राक्षाच्या विरळणीच्या दिवसांत आमची पूर्ण मजुरी बुडते. रविवारचं दोनदा सांगितलं, झालेलं नाही. आणि पुरुषांसाठी काहीच नाही. आमचे मालक अजून गोळी घेताना दार लावून घेतात, त्यांच्याशी बोलायला त्यांच्यासारखा कुणी पुरुष हवा.

पाचपैकी साडेचार.

जवळचा गट शोधायचा असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत. नाहीतर तपासणी झाली तिथल्या समुपदेशकाला विचारा. आमच्याकडे पहिल्या दिवशी खरं नाव सांगावं लागत नाही, मी तिसऱ्या बैठकीला सांगितलं. एकटीनं जिना चढवत नसेल तर तसं फोनवर सांगा. मला घ्यायला एक जण स्टँडवर आली होती.