पाऊण अंशासाठी तीन शनिवार

माझ्या दोन सीटच्या विमानाला रोटॅक्स 912 यूएलएस इंजिन आहे. आधी त्याला दोन पात्यांचा लाकडी पंखा होता. दिसायला देखणा, पण पिच, म्हणजे पात्याचा तिरपा कोन, फार. ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल दिला तरी आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा 4850च्या पुढे हलायचा नाही. या इंजिनाचे शंभर हॉर्सपॉवर मिळतात ते 5800 आरपीएमला. म्हणजे टेकऑफला, ऐन गरजेच्या वेळी, त्यातले बरेच घोडे तबेल्यातच. शिवाय पूर्ण थ्रॉटलवर 5200च्या खाली इंजिन रेटू नका, असं रोटॅक्स स्वतःच सांगतं. टॉप गिअरमध्ये गाडी चढावर घालावी, तसा तो प्रकार होता.

म्हणून जमिनीवर पिच बदलता येणारा तीन पात्यांचा कॉम्पोझिट पंखा घेतला, व्यास 1.73 मीटर. पाती हलकी, फिनिश उत्तम, कडेला धातूची पट्टी. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती सोबत आलेल्या कोनमापकाची. प्लास्टिकचा, खुणा एकेक अंशाच्या, आणि पात्यावर धरला की डुलतो. माझ्या इंजिनावर एका अंशाला साधारण 300 आरपीएमचा फरक पडतो, मग अशा खेळण्यानं काय मोजायचं? पहिल्या शनिवारी त्याच्याच भरवशावर पाती बसवली. उभ्या विमानात 5500! खूश झालो. चढण झकास होती, पण वर सरळ उडताना पूर्ण थ्रॉटल दिला तर काटा 5800 ओलांडायला निघाला. थ्रॉटल मागे घ्यावा लागला आणि 5000ला वेग जेमतेम 170 किलोमीटर. इंजिन पळतंय, विमान रेंगाळतंय.

दुसऱ्या शनिवारी डिजिटल कोनमापक उसना आणला आणि उत्साहात दीड अंश वाढवला. उभ्या विमानात 5050. पुन्हा जुनंच दुखणं. तिसऱ्या शनिवारी पाऊण अंश मागे. आता उभ्या विमानात 5270, चढताना 5400, सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला 5720. अर्थात 5500च्या वर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, म्हणून तेवढं पाहून लगेच मागे आलो. 5000ला 185 किलोमीटर मिळतात.

दर वेळी तिन्ही पाती एकाच कोनात आणायची, बोल्ट टॉर्क रेंचनं आवळायचे, पात्यांची टोकं एकाच रेषेतून जातात का ते पाहायचं. एका पात्यात चुकून फरक राहिला तेव्हा पॅनेलवरचे आकडे वाचता येईनात, इतकी थरथर होती.

लायकमिंग इंजिनवाल्या मित्रांचे आकडे इथे लावू नका. त्यांचा पंखा इंजिनाच्याच वेगानं, 2700ला फिरतो. आपल्याकडे मध्ये वेग 2.43 पटीनं कमी करणारा गिअरबॉक्स आहे, त्यामुळे 5800लाही पंखा 2390च्या आसपासच असतो. पात्याचं टोक सेकंदाला सुमारे 216 मीटर जातं, आवाजाच्या वेगापासून चांगलंच लांब. म्हणून केबिनमध्ये गोंगाटही कमी. आणि विमान टाइप सर्टिफिकेटवालं, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला अधिकृत मंजुरी असलेलं, असेल तर मंजूर यादीबाहेरचा पंखा परस्पर लावता येत नाही, हे घेण्याआधीच पाहा.

पाचपैकी चार तारे. पाचवा त्या कोनमापकानं खाल्ला.